भूमिपुत्र, उपरी आणि सवलतीचा दर

मंडळी, शिरवळला बसून 'भूमिपुत्र' या शब्दावर बोलायचं तर लांब जायला नको. औद्योगिक वसाहत इथंच आहे, आणि 'भूमिपुत्रांना प्राधान्य' ही मागणी तुमच्या कानावरून रोज जाते. मागणीशी आमचं भांडण नाही. ज्याची जमीन कारखान्याखाली गेली, त्याच्या घरात कारखान्याचा पगार यावा, यात गैर काय? आमचा आक्षेप शब्दाच्या वापराला आहे.

हवाई बेटांवर अगदी याच घडणीचा शब्द आहे: 'कामाआइना'. कामा म्हणजे मूल, आइना म्हणजे जमीन. त्यातही आइनाच्या मुळाशी 'खाणे' हे क्रियापद आहे, म्हणजे पोटाला घालणारी जमीन. किती सुंदर! आणि आज हा शब्द भेटतो कुठं? हॉटेलच्या दरपत्रकात. स्थानिक ओळखपत्र दाखवा, कामाआइना दर मिळवा. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून येऊन स्थायिक झालेल्यालाही तो मिळतो. तिथल्या मूळ रहिवाशांना वेगळं ओळखायचं तर 'कानाका माओली' म्हणावं लागतं. आपल्याकडं टोलनाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला मासिक पास मिळतो, तसंच हे. फक्त त्या पासाला आपण 'भूमिपुत्र पास' म्हणत नाही, एवढं नशीब. (हशा)

गोव्यानं मात्र तेवढं केलं. जुलै 2021 मध्ये तिथल्या विधानसभेनं 'भूमिपुत्र अधिकारिणी' विधेयक मंजूर केलं. 30 वर्षं राहिला तो भूमिपुत्र! आदिवासी संघटनांनी विचारलं, मग आम्ही कोण? अखेर तो शब्द वगळत असल्याचं मुख्यमंत्र्यांना जाहीर करावं लागलं. महाराष्ट्राच्या नोकऱ्यांच्या धोरणात 15 वर्षं राहिलेला 'स्थानिक' ठरतो. हा शब्द कोरडा आहे, पण प्रामाणिक आहे. वास्तव्य मोजता येतं, पुत्रत्व कसं मोजणार?

आपल्या जुन्या गावगाड्याची भाषा याहून स्पष्ट होती. मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. गाव सोडून गेला तरी परत येऊन हक्क सांगता येई. उपरी कराराने कसणारा, गावकीत त्याला मान कमी. तो काळ गोड होता असं आम्ही म्हणत नाही. पण उपऱ्याला मिरास विकत घेता येई. रक्त बदलावं लागत नसे. आणि गंमत पाहा, मुळं रोवलेल्या माणसासाठीचा हा 'मिरास' शब्दच अरबी, बाहेरून आलेला. आज 'उपरी' तेवढा उरला, तोही शिवी म्हणून.

आता आपल्याच जिल्ह्यातलं कोयना घ्या. शिवसागर जलाशयात ज्यांची शेतं बुडाली, त्यांतले कितीतरी रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडं पाठवले गेले. तिथं त्यांची ओळख काय? धरणग्रस्त. भूमी पाण्याखाली आणि पुत्र परगावी. 'भूमिपुत्र' म्हणून घोषणा देताना ही माणसं आपल्याला आठवतात का? आणि कारखान्यामागच्या भाड्याच्या खोलीत, बिहारहून आलेल्या कामगाराच्या पोटी इथंच जन्मलेलं, मराठीतून पाढे म्हणणारं पोर? त्याला गाव विचारलं तर ते काय सांगेल, आणि आपण ते मान्य करू का?

इथं थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.