‘आम्ही’ की ‘आपण’? : एका अग्रलेखाची भाषा

अमेरिकेतील ‘ॲरिझोना रिपब्लिक’ या दैनिकाने २७ सप्टेंबर २०१६ रोजी अध्यक्षपदासाठी हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला. १८९० पासून या पत्राने रिपब्लिकन उमेदवारास डावलून डेमोक्रॅटाचा पुरस्कार केला नव्हता, हे अग्रलेखात आरंभीच सांगितले आहे. त्या विधानाचा कर्ता ‘वुई’ हा होय. मराठी ‘आम्ही’ श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. इंग्रजी सर्वनामात हा भेद नाही. संपादकांस ‘आम्ही’ अभिप्रेत होते. परंपरेवर विसंबलेल्या रिपब्लिकन वाचकास मात्र ‘आपण’ ऐकू आले असावे. म्हणूनच प्रतिक्रिया मतभेदापाशी न थांबता विश्वासघाताच्या संतापापर्यंत गेली. वर्गण्या रद्द झाल्या. ठार मारण्याच्या धमक्याही आल्या. प्रकाशिका मी-आय पॅरिश यांनी उत्तरादाखल दूरध्वनीवर संतप्त वाचकांचे बोलणे ऐकून घेणारी तरुणी आणि १९७६ साली बाँबस्फोटास बळी पडलेले वार्ताहर डॉन बोल्स अशी माणसे वाचकांपुढे उभी केली. ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे तेव्हा स्पष्ट झाले. अग्रलेखाचे न्यून येथेच दिसते : परंपरेचा हवाला त्याने वजनासाठी दिला, परंतु त्या परंपरेत वाचकही भागीदार आहे, याचे भान त्याच्या भाषेत उमटले नाही.