खुलन्याजवळील स्वपक्षघात : ‘ऑपरेशन एक्स’ ग्रंथाचें परीक्षण

१९७१ च्या युद्धांत पूर्व बंगालच्या नद्यांवर चाललेल्या गुप्त आरमारी मोहिमेचा वृत्तांत कॅप्टन मोहन नारायणराव सामंत व संदीप उन्नीथन यांनीं ‘ऑपरेशन एक्स’ या इंग्रजी ग्रंथांत दिला असून तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. नांदेड-लातुराकडील आम्हां लोकांचा आरमाराशीं संबंध तो काय ! तथापि साधनें पारखण्याची रीत सर्वत्र एकच, व या ग्रंथांतील एक प्रसंग त्या रीतीनें पारखण्याजोगा आहे.

१० डिसेंबर १९७१ रोजीं सामंतांच्या हुकमतीखालीं भारताची ‘पनवेल’ आणि मुक्तिवाहिनीच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या नौका मोंगला बंदर मागें टाकून खुलन्याकडे जात होत्या. ‘पद्मा’, ‘पलाश’ या मूळच्या कलकत्ता बंदराच्या साध्या नौका. तोफा चढवून त्या लढाऊ केलेल्या. दुपारच्या सुमारास विमानें आलीं व त्यांनीं या दोहोंवर मारा केला. ‘पनवेल’ वांचली; त्या दोन्ही जळाल्या. ‘पलाश’च्या यंत्रखोलींतील कारागीर महंमद रुहुल अमीन, वय पस्तिशीचें, यंत्रें सोडून जाण्यास राजी नव्हते. अखेर जखमी स्थितींत ते काठास लागले. तेथें रझाकारांनीं त्यांस ठार केलें, असें बंगाली वृत्तांत सांगतात. (रझाकार या शब्दाचा अर्थ मराठवाड्यांतील वाचकांस सांगणें नलगे.) शेवटचा घाव परक्याचा असला तरी या मृत्यूचें मूळ आकाशांतून आलें.

तीं विमानें कोणाचीं ? कांहीं लोकप्रिय कथनांत तीं शत्रूचीं म्हटलीं आहेत. हें विधान कालक्रमापुढें टिकत नाहीं. तेजगांवची धावपट्टी भारतीय बाँबफेकीनें उखडली जाऊन पूर्वेकडील पाकिस्तानी विमानदळ ७ डिसेंबरपासून जमिनीस खिळलें होतें. मग दहा तारखेस खुलन्यावर शत्रूचें विमान येणार कोठून ? शिवाय ज्याच्या हुकमतींत त्या नौका होत्या, त्या अधिकाऱ्याच्याच ग्रंथांत विमानें भारतीय होतीं असें येतें. स्वपक्षास अडचणीची ही कबुली बखरकाराच्या दहा स्तुतींहून वजनदार मानावी. बोटींच्या तळाशीं सुरुंग चिकटविणाऱ्या पाणबुड्यांच्या हकीकती चटकदार आहेत खऱ्या. परंतु आमच्या मतें ग्रंथाचें मोल या कबुलींत आहे.

नौकांच्या छतांवर पिवळी खूण होती. विमानें आपलीं आहेत असें ओळखून सामंतांनीं तोफा चालविण्यास मना केली, असेंही सांगतात. म्हणजे ओळख खालून वर पटली, वरून खालीं पटली नाहीं. हें संकट जुनेंच. भीष्मपर्वाच्या आरंभीं युधिष्ठिर आपल्या सैन्यास ओळखीच्या संज्ञा ठरवून देतो. द्रोणपर्वांतील रात्रियुद्धांत आपला-परका कळेना म्हणून दिवे पेटवावे लागतात. आमच्या उदगिरास १७६० सालीं निजामास जेरीस आणणारा इब्राहिमखान गारदी पुढच्याच वर्षीं पानिपतावर स्वकीय घोडेस्वार तोफांपुढें आल्यानें अडला, ही गोष्ट तर वाचकांच्या परिचयाचीच आहे.

एक शब्द मात्र खटकतो. मुखपृष्ठावर या कथेस ‘अकथित’ म्हटलें आहे. बांगलादेशानें १९७३ सालींच रुहुल अमीन यांस ‘वीरश्रेष्ठ’ हा आपला सर्वोच्च युद्धसन्मान दिला. तो मिळालेले अवघे सात. रूपशा नदीच्या काठीं त्यांची कबर आहे. ज्या देशाचा माणूस गेला तेथें ही कथा केव्हांच सांगून झाली होती. अकथित राहिली ती आमच्याकडे.

संग्राहकांस एक विनंति. आपल्या भागांतून त्या युद्धास गेलेल्यांच्या घरीं पत्रें, पगारपुस्तकें, छायाचित्रें असतील. तीं रद्दींत जाण्यापूर्वीं नकलून घ्यावीं व प्रत्येक नकलेवर मूळ कागद कोणाच्या घरीं पाहिला तें तारखेसह लिहावें.