ब्लॉकवर आळ, चूक दुसरीकडेच: ओपनझेडएफएसच्या एका दुरुस्तीचं वाचन

नगरला पेटची तयारी करणाऱ्या मुलांशी बोललं की एक प्रश्न हमखास येतो: "पेपरचं क्रिटिक लिहा म्हणतात, पण लिहायचं काय?" माझा सल्ला थोडा तिरकस आहे. पेपर बाजूला ठेवा आणि आधी एखाद्या बगची दुरुस्ती वाचा. पॅचसोबतचं टिपण म्हणजे छोटा पेपरच असतो. त्यात दावा असतो, पुरावा असतो आणि न बोललेल्या गोष्टीही असतात. आज आपण ओपनझेडएफएसची नोव्हेंबर २०२३ मधली दुरुस्ती घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. हाताने लिहिलेला सातबारा आठवा. जुन्या खातेदाराचं नाव खोडून त्यावर नवं लिहीत नसत. जुन्याला कंस करायचे आणि नवं नाव फेरफार क्रमांकासह शेजारी यायचं. कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीम साधारण असंच करते. चालू ब्लॉकला हात लावत नाही. नवा मजकूर मोकळ्या जागी लिहिते, मग त्याकडे बोट दाखवणारे वरचे ब्लॉक नव्याने लिहिते आणि शेवटी मुळाशी पोचते. मूळ बदललं की नोंद मंजूर. तोवर जुना ब्लॉक दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, कारण मधेच वीज गेली तर परत त्याच्यावरच यायचं आहे. झेडएफएस तर मंजुरीनंतरही आणखी दोन फेऱ्या थांबते.

ऑक्टोबर २०२३ च्या २.२.० आवृत्तीत ब्लॉक क्लोनिंग आलं. म्हणजे फाइलची नक्कल करताना डेटा पुन्हा लिहायचाच नाही, तोच ब्लॉक दोन्ही फाइलींनी वापरायचा, आणि किती जण वापरतायत याची मोजदाद वेगळ्या तक्त्यात ठेवायची. मोजदाद चुकली तर काय होईल हे तुम्हीच ओळखाल: वापरातला ब्लॉक मोकळा समजून भलत्याच फाइलीला दिला जाईल.

आणि नेमकं तेव्हाच जेंटू लिनक्सवर गो भाषेची साधनं बसवताना काही फाइलींमध्ये नुसती शून्यं निघाली. संशय कुणावर जाणार? नुकत्याच आलेल्या पाहुण्यावर. २.२.१ मध्ये क्लोनिंग बंद करून टाकलं. खबरदारी म्हणून ते ठीकच होतं, क्लोनिंगमध्ये पुढे दुरुस्त्या कराव्या लागल्याच. पण स्पष्टीकरण म्हणून ते टिकलं नाही, कारण २.२.१ वरही फाइली शून्यच निघत राहिल्या.

इथे जरा थांबा, मला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. ब्लॉक लवकर मोकळा होऊन दुसऱ्याला गेला असता तर त्यात परका मजकूर आला असता आणि चेकसम जुळला नसता. इथे चेकसम चोख जुळत होते. म्हणजे झेडएफएसला जे लिहायला सांगितलं ते तिने नीट लिहिलं. सांगणाराच "लिही शून्य" म्हणत होता. लक्षण पहिल्या दिवसापासून समोर होतं, पण ते वाचण्याआधी आपण तारखा जुळवतो. दुसरा पुरावा त्याहून ठाम आहे: तीच चूक २.१ वर घडवून दाखवता आली. त्या आवृत्तीत क्लोनिंग नव्हतंच! आपल्या भाषेत सांगायचं तर हा कंट्रोल प्रयोग, आणि तो एकटा पुरेसा होता.

खरी गोची अशी. फाइलमध्ये अजून डिस्कवर न गेलेलं काही आहे का, हे ओळखायला झेडएफएसकडे दोन खुणा आहेत: एक फाइलच्या मुख्य नोंदीवर, दुसरी तिच्या डेटाच्या बदलांवर. तपासणारा कोड वेगवेगळ्या काळात कधी ही खूण बघायचा, कधी ती. डिस्कवर लिहितानाच्या एका क्षणी पहिली खूण उतरलेली असते आणि दुसरी अजून तशीच असते. त्या फटीत 'सीपी'ने "डेटा कुठून सुरू होतो?" विचारलं की उत्तर यायचं, "डेटाच नाही". 'सीपी'च्या नव्या आवृत्त्या रिकाम्या जागा ओळखून त्या तशाच ठेवतात, त्यामुळे तिने नकलेत अख्खी पोकळी केली. फेरफाराची नोंद झाली पण मंजुरी बाकी आहे, तेवढ्यात कुणी उतारा मागावा आणि कोरा कागद शिक्का मारून मिळावा, तसं.

रॉब नॉरिस यांची दुरुस्ती अगदी छोटी आहे: दोन्ही खुणा बघा, एकही असेल तर लिहून होईपर्यंत थांबा. नोव्हेंबर संपता संपता २.२.२ आणि २.१.१४ मध्ये ती आली. सोबतचं टिपण मला मनापासून आवडतं. आधीच्या बदलांचा इतिहास त्यात आहे, फट नेमकी कुठे ते आहे, आणि हे आत्ताच का दिसायला लागलं तेही आहे: लोकांनी नवी फाइलसिस्टीम आणि नवं 'सीपी' एकाच सुमारास घेतलं. अनेक पेपरांच्या चर्चाविभागात इतकी सरळ कबुली सापडत नाही.

तक्रार आहे ती पुढे. एकाच गोष्टीच्या दोन खुणा आजार होत्या, आणि दुरुस्तीनंतरही त्या दोनच राहिल्या. उद्या कुणी वेगासाठी एक तपासणी काढली की फट परत उघडेल. घाईत वापरकर्त्यांपर्यंत पोचवायच्या पॅचमध्ये रचना बदलणं धोक्याचं, हे मान्य; पण मग ते कर्ज म्हणून टिपणात लिहायला हवं होतं. दुसरं, चूक घडवून आणायचा मार्ग होता एकाच वेळी ढीगभर नकला करून त्या ताडून बघायचा. तो कधी फसतो, कधी नाही. त्यामुळे "आता चूक दिसत नाही" या वाक्याचं वजन कमी आहे. खरं वजन खुणांबद्दलच्या तर्काला आहे. क्रिटिक लिहिताना या दोघांना वेगवेगळे गुण द्या.

आणि तुमच्या प्रबंधाचा डेटा झेडएफएसवर असेल, स्क्रब चालवून एरर शून्य आले म्हणून निर्धास्त असाल, तर त्या काळातल्या नकला मूळ फाइलींशी एकदा ताडून बघा. मूळ पुसून टाकलं असेल तर स्क्रब काहीच सांगणार नाही. त्याच्या लेखी ती शून्यं अस्सल आहेत.