मॉडेल-आधारित सॉफ्टवेअर रचनेतील विसंगती : एक टीकात्मक विचार

सॉफ्टवेअरच्या मॉडेलमधील विसंगती हा निव्वळ दोष मानावा काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुपने १९९७ मध्ये यूएमएल ही आलेखभाषा स्वीकारली व २००१ मध्ये मॉडेलपासून प्रोग्राम निर्माण करण्याची दिशा पुरस्कारिली. मात्र यूएमएलमध्ये एकाच प्रणालीचे अनेक आलेख असतात आणि ते परस्परांशी जुळतीलच असे नाही.

प्रकल्प तपासताना नेहमी आढळणारे उदाहरण ग्रंथालयाचे. सिक्वेन्स डायग्राममध्ये ‘पुस्तक’ या ऑब्जेक्टला ‘मुदतवाढ’ हा संदेश जातो; क्लास डायग्राममधील ‘पुस्तक’ या क्लासमध्ये तशी क्रियाच नसते. अलेक्झांडर एग्येड यांनी २००६ मध्ये मांडलेली पद्धती अशी विसंगती तत्काळ दाखविते. कोणता नियम मॉडेलमधील कोणते घटक वाचतो याची ती नोंद ठेवते आणि बदललेल्या घटकाशी संबंधित नियमच पुन्हा तपासते. ही पद्धती निःसंशय चतुर आहे. परंतु विसंगती सापडणे म्हणजे तिचे व्यवस्थापन होणे नव्हे. विद्यार्थी ‘पुस्तक’ क्लासमध्ये एक रिकामी क्रिया लिहितो, लाल खूण नाहीशी होते. मुदतवाढ पुस्तकाला मिळते की सभासदाच्या देवघेवीच्या नोंदीला, हा ग्रंथपालास विचारावयाचा प्रश्न मात्र तसाच राहतो. किंबहुना तो आता दिसेनासा होतो.

या दृष्टीने रॉबर्ट बाल्झर यांचे १९९१ मधील प्रतिपादन अधिक मोलाचे वाटते. विसंगत माहिती नाकारू नये. तिच्यावर खूण करून ती राहू द्यावी आणि जी प्रक्रिया तिच्यामुळे बिघडेल तिला त्या माहितीपासून दूर ठेवावे, असे ते सुचवितात. पुढे १९९४ मध्ये फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी, विसंगती आढळल्यास कोणती कृती करावी याचेच नियम लिहिण्याचा मार्ग दाखविला.

तथापि या सहिष्णुतेला मर्यादा आहे. कागदावरील आलेख वाद मिटण्याची वाट पाहू शकतो; प्रोग्राम निर्माण करणारे साधन थांबत नाही, ते दोहोंपैकी एक बाजू मुकाट्याने निवडते. म्हणून खूण असलेल्या भागाचा प्रोग्राम निर्माण करण्यास साधनाने नकार द्यावा, असे आमचे मत आहे.

आपण परीक्षक मात्र आलेख न जुळल्यास गुण कापतो. विद्यार्थी विसंगती लपवितात त्याचे हे एक कारण होय. प्रकल्प-अहवालात न सुटलेल्या विसंगतींसाठी एक पान राखून, प्रत्येकीपुढे निर्णय कोणाकडून व केव्हापर्यंत अपेक्षित आहे हे लिहून घ्यावे आणि त्या पानालाही गुण द्यावेत.