'वजनदार'मधून गळालेली आत्या

'वजनदार' (२०१६) पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी कॉलेजात होते आणि दिवसाला दोन पोळ्यांवर जगत होते. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट वजन उतरवायच्या मागे लागल्या की थिएटर हसायचं. मीही हसले. परवा मोबाइलवर पुन्हा पाहिला, तर हसूच येईना.

सचिन कुंडलकरांचा हा सिनेमा प्रेमळ आहे, हे आधीच कबूल करते. जाड मुलगी इथे हिरॉइनची विनोदी मैत्रीण नाही; गोष्टच तिची आहे. मराठीत हे कमी नाही. पण दोघींनी भूमिकेसाठी वजन वाढवलं, मग उतरवलं, याचंच केवढं कौतुक झालं! म्हणजे मनावर घेतलं की शरीर वाढतं, मनावर घेतलं की उतरतं, ही समजूत आपण थिएटरबाहेर आणखी घट्ट करून घेतली.

हे शरीर मुळात आलं कुठून, हा प्रश्न मला सिनेमात हवा होता. १९८६ साली स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या ५४० दत्तक गेलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची वजनं जन्मदात्यांच्या वजनाशी जुळत होती. ज्यांच्या ताटात जेवून ती वाढली, त्यांच्याशी नाही. २००७ मध्ये 'एफटीओ' जनुक सापडलं. त्याच्या एका रूपाच्या दोन्ही प्रती असलेली माणसं सरासरी ३ किलोंनी जड निघाली. तीनच किलो, म्हणाल. बरोबर आहे, एकटं जनुक फार काही करत नाही. अशी अनेक मिळून करतात.

आणि उपाशी राहणं? तेही रक्तातून येऊ शकतं. २०१९ मध्ये अॅनोरेक्सियाच्या सुमारे १७,००० रुग्णांच्या अभ्यासात जनुकांतल्या आठ जागा हाती लागल्या, आणि धागेदोरे मनाच्या आजारांकडे गेले तसेच चयापचयाकडेही गेले. एकच डाएट दोन मैत्रिणी सुरू करतात. एक चौथ्या दिवशी वडापाव खाऊन मोकळी होते, दुसरीला थांबताच येत नाही. सिनेमाला पहिली नीट कळते. मी दुसरी होते.

माझ्या मनातल्या 'वजनदार'मध्ये म्हणून माझी आत्या आहे. सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्र. पारण्याच्या ताटातही ती चार घास चिवडायची. घरातले तिला देवभोळी म्हणत. देवघरात ती फारशी जातच नसे.