ठसा जुळला, पण सत्याचं काय?

२००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला कागदाच्या बरोबरीचं स्थान दिलं. पण स्थान मिळणं वेगळं आणि विश्वास मिळणं वेगळं. जालन्याचा खटला बघा. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत एका उमेदवाराचा अर्ज मुदतीनंतर घेतला, असा आक्षेप होता. पुरावा काय, तर निवडणूक कार्यालयाच्याच कॅमेऱ्यांचं चित्रीकरण. त्याच्या सीडी ग्राह्य धरायला कलम ६५-बचं प्रमाणपत्र लागत होतं, आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. म्हणजे आक्षेप ज्यांच्या कामावर, कॅमेरा त्यांचा आणि सहीही त्यांचीच!

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निकालात, प्रमाणपत्र अनिवार्यच ठरवलं. मात्र सगळे प्रयत्न करूनही ते मिळत नसेल, तर अशक्याची सक्ती करता येत नाही, हेही सांगितलं.

आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३नुसार प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला ठसा. एक अक्षर बदललं की ठसा बदलतो. तरतूद चांगली आहे. पण नमुन्यात एमडी५ आणि शा-१ याही पद्धती चालतात. वेगवेगळ्या दोन फाइलींचा ठसा एकच येऊ शकतो, हे एमडी५बाबत २००४ मध्ये आणि शा-१बाबत २०१७ मध्ये दाखवून झालंय. मग २०२३च्या कायद्यात त्या कशाला?

याहून मूलभूत अडचण वेगळी आहे. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कुणाच्याही नव्हे, आप्ताच्या: ज्याला वस्तुस्थिती माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो. हॅश एवढंच सांगतो, की ठसा घेतल्यापासून फाइल तीच आहे. त्याआधी कुणी छेडछाड केली का, यावर तो गप्प असतो. प्रमाणपत्र फाइल सादर करताना द्यायचं. ठसा नोंद झाली त्याच वेळी घ्या, असं हे कलम म्हणत नाही. अखंडता आणि सत्य यांची इथे गल्लत होते.

आणि जालन्याच्या निकालातली ती सवलत? कलम ६३च्या मजकुरात ती लिहिलेलीच नाही. सामान्य माणसाच्या हातात फार तर प्रत असते. यंत्र बँकेकडे, कंपनीकडे, सरकारकडे. ज्याच्या ताब्यात यंत्र, त्यानेच ठराविक मुदतीत प्रमाणपत्र द्यावं, नाकारलं तर कारण न्यायालयाला सांगावं, एवढं तरी कायद्यात यायला हवं होतं.