वाकळीची पारख
कडेगाव परिसरातील गोधडीकामाच्या निमित्ताने

मराठी लेखनात गोधडी वारंवार भेटते, पण ती बहुधा दुसऱ्याच कशाचे तरी काम करताना भेटते. आईची माया सांगायची असेल तर गोधडी, गरिबी सांगायची असेल तर ठिगळांची गोधडी, समाजातली विविधता सांगायची असेल तर रंगीबेरंगी तुकड्यांची गोधडी. या उपमा खोट्या नाहीत. परंतु गोधडी ही स्वतःच एक कृती आहे, ती कोणा एकीने अनेक निर्णय घेत घडवलेली असते, त्यांतले काही निर्णय साधलेले आणि काही फसलेले असतात, ही साधी गोष्ट उपमांच्या गर्दीत हरवून गेली आहे. कविता चांगली की वाईट हे आपण विचारतो. गोधडीबाबत तो प्रश्न विचारणे आपल्याला जवळजवळ अशिष्ट वाटते.

प्रस्तुत लेखात एवढेच मांडायचे आहे की गोधडीची समीक्षा अस्तित्वात आहे. ती करणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत आणि बोटांत आहे. लिखित समीक्षेने तिची दखल घेतली नाही, आणि या दुर्लक्षाचा संबंध थेट त्या बायकांच्या श्रमाच्या किमतीशी पोहोचतो.

नदीकाठचे प्रदर्शन

पूर्वी खानापूर तालुक्यात असलेले आणि आता स्वतः तालुक्याचे ठिकाण असलेले कडेगाव सांगली जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात येते. येरळा नदी आणि सोनहिरा ओढ्याचे खोरे हा इथला मुलूख. या भागात गोधडीला ‘वाकळ’ हा शब्द अधिक सहज ओठांवर येतो. शेतीची कामे थंडावली की उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीवर किंवा झाडाच्या सावलीत वाकळ पसरायची, शेजारपाजारच्या दोघीतिघींनी तिच्या कडांना बसायचे आणि बोलत बोलत दोरा चालवायचा, ही जुनी रीत. पोरीबाळी तिथेच सुई धरायला शिकत.

मात्र केलेले काम सगळ्यांसमोर येते ते वर्षातून एकदा, घटस्थापनेआधीच्या दिवसांत. घर सारवून, भांडी घासून, सगळे अंथरूण-पांघरूण धुवून काढायचे, याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. वाकळा डोक्यावरून किंवा गाडीतून नदीवर, ओढ्यावर, विहिरीवर न्यायच्या, खडकावर बडवायच्या, दोघींनी दोन टोके धरून पिळायच्या आणि काठावर, झुडपांवर, बांधावर वाळत घालायच्या. एरवी घडी घालून वळकटीत असणारी प्रत्येक घराची वाकळ त्या दिवशी पूर्ण उलगडते, आणि शेजारणीच्या वाकळीशेजारीच उलगडते. कोणाच्या सुनेने काय शिवले, कोणाची वाकळ चार पाण्यांतच उसवली, कोणत्या माहेराहून आलेल्या वाकळीची मांडणी वेगळी आहे, हे साऱ्या गावाला दिसते. कलादालनाची भिंत जे काम करते तेच इथे नदीचा काठ करतो. फरक इतकाच की इथे पाहणाऱ्या बहुतेक जणी स्वतः करणाऱ्या असतात.

त्या काय पाहतात?

पहिली नजर टाक्यावर जाते. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. तो बारीक आणि एकसारखा असेल तर वाकळ वर्षानुवर्षे टिकते. लांब आणि विरळ असेल तर धुताना बोटे अडकतात, दोरा तुटतो, आतले थर सुटतात. म्हणजे टाक्याचे सौंदर्य आणि वाकळीचे आयुष्य ही इथे वेगळी मोजमापे नाहीत.

दुसरी नजर झोळावर जाते. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालून शिवताना सहसा बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून चारी बाजूंनी आत आत यायचे असते. या पद्धतीत सुटे कापड मध्याकडे ढकलले जाते. आधी लांब टाक्यांनी थर नीट टाचून घेतले नाहीत, शिवताना तळहाताने कापड सारखे करत राहिले नाही, तर शेवटी मधोमध फुगवटा येतो. ज्या वाकळीचा मध्य सपाट बसतो, तिच्या मागे सुरुवातीपासूनचा हिशेब असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वाकळ उलटी करून पाहणे. वरच्या बाजूला ठिगळांची मांडणी असते, तिथे रंग डोळ्याला गुंतवतात. खालच्या बाजूला पुष्कळदा एकाच लुगड्याचे सलग अस्तर असते. तिथे फक्त दोऱ्याची रेघ दिसते, एकात एक बसलेल्या चौकोनांची. एकाच वस्तूत दोन रचना आहेत, एक कापडाची आणि एक दोऱ्याची, आणि दोऱ्याची रेघ वरच्या तुकड्यांच्या कडा न जुमानता सगळ्यांवरून सरळ जाते. चांगल्या वाकळीत या दोन रचना एकमेकींना छेद देत असतानाही सांभाळून घेतात. अमूर्त चित्राबद्दल आपण जे बोलतो, ते सारे बोलायला इथे जागा आहे.

चौथी पारख कापडाच्या वापराची. इरकली लुगड्याचे अंग विरले तरी काठ पुष्कळदा शाबूत असतो. तो काठ चारी बाजूंना लावला की चौकट तयार होते आणि सर्वांत जास्त झिजणाऱ्या कडेला बळही मिळते. चोळीच्या खणाचे उरलेले तुकडे लहान असतात, पण उठावदार. ते एके ठिकाणी गोळा करायचे की विखरायचे, हा निर्णय पुऱ्या वाकळीचा तोल ठरवतो. ‘हाताला येईल ते जोडले’ असे बाहेरचा माणूस म्हणतो. पण हाताला काय येईल हे ठरवता येत नसले, तरी कुठे लावायचे हे ठरवावेच लागते.

कापड बदलले, तेव्हा

या पारखीची परीक्षा कापडाच्या बदलाने घेतली. सुती लुगडे धुऊन धुऊन मऊ होते, त्याचा रंग उतरतो आणि वेगवेगळ्या घरांतून आलेले तुकडेही एका मवाळ छटेत येतात. टेरिकॉट आणि पुढे पॉलिस्टरच्या साड्या आल्या, नऊवारीची जागा पाचवारीने घेतली, आणि जुनेर म्हणून हाती येणारे कापडच वेगळे झाले. पॉलिस्टर निसरडे असते, थर सरकतात, घाम शोषला जात नाही, आणि रंग विटत नाही. जवळच्या विट्यासारख्या यंत्रमागाच्या गावामुळे आणि शिंप्याकडच्या कातरणीमुळे तुकड्यांचा तुटवडा राहिला नाही, पण ते तुकडे कोणाच्या अंगावरचे नव्हते.

नव्या वाकळा भडक दिसतात अशी तक्रार ऐकू येते आणि तिचा दोष करणारीच्या आवडीवर टाकला जातो. खरे तर जुन्या वाकळीतली रंगांची एकवाक्यता अर्धी काळानेच करून दिलेली होती. आता न विटणारे रंग शेजारी बसवायचे तर ती सगळी जबाबदारी करणारीवर येते. काही जणी सिंथेटिक साडी वर आणि जुने सुती कापड आत व खाली, असा मार्ग काढतात. अंगाला सूत लागते, वर चमक राहते. ही तडजोड नव्हे, विचारपूर्वक शोधलेले उत्तर आहे. पण ते उत्तर कोणी कधी शोधले याची नोंद कुठे नाही.

नाव कोणाला मिळते?

नोंद का नाही, हा प्रश्न कडेगावात विशेष बोचतो. हे गाव मोहरमच्या उंच ताबुतांसाठी प्रसिद्ध आहे. बांबू आणि रंगीत कागदांचे हे मनोरे हिंदू-मुस्लिम मिळून उभारतात, आणि त्यांच्या भेटी पाहायला दूरदूरहून लोक येतात. ते ताबूत घराण्यांच्या, मानकऱ्यांच्या नावाने ओळखले जातात. हातांनी केलेल्या, काही दिवसांपुरत्या टिकणाऱ्या वस्तूलाही नाव, मान आणि क्रम असू शकतो, हे या गावाला पक्के ठाऊक आहे. त्याच गावातली, पंचवीस वर्षे वापरात राहणारी वाकळ मात्र ‘घरची’ असते. करणारी हयात असेपर्यंत आठवण राहते, नंतर तीही विरते.

इतरत्र असे झाले नाही. बंगालमधील कांथा हीसुद्धा जुनेराचीच. पण जसीमउद्दीन यांनी १९२९ मध्ये ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य लिहिले, गुरुसदय दत्त यांनी कांथा जमवल्या, आणि स्टेला क्रॅमरिश यांनी १९३९ मध्ये कांथेवर स्वतंत्र निबंध लिहून तिला कलेतिहासात जागा दिली. कांथेवर माणसे, हत्ती, कमळे असतात, म्हणून ती अभ्यासकाला ‘वाचता’ आली. आपली वाकळ चित्र काढत नाही, म्हणून ती मुकी मानली गेली. गीता खंडेलवाल यांचे महाराष्ट्रातील गोधड्यांवरचे महत्त्वाचे पुस्तक इंग्रजीत आणि तेही फ्रान्समधील प्रकाशनाकडून यावे, यात बरेच काही आले.

घरचे उदाहरणही आहे. जात्यावरच्या ओव्या अशाच निनावी समजल्या जात. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि गाणारीचे नाव व गाव जपले. त्यामुळे ‘लोक’ या धूसर शब्दाआडून एकेक बाई पुढे आली. ओवी आणि वाकळ एकाच हातांची. एकीला लेखणी भेटली, दुसरीला अजून भेटलेली नाही.

भिंतीवर टांगल्याने काय होते?

दखल घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे वस्तू उचलून भिंतीवर लावणे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अमेरिकन गोधड्या आधुनिक चित्रांसारख्या टांगल्या. प्रदर्शन गाजले, पण करणाऱ्या बहुतेक जणी अनामिक राहिल्या, आणि पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मधल्या लेखात या अनामिकपणावर बोट ठेवले. पुढे अलाबामातील जीज बेंड या कृष्णवर्णीय वस्तीतल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनला झाले. या वेळी नावे होती, कौतुक अमाप झाले. तरी २००७ मध्ये त्यांतल्या काही जणींना मोबदल्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नाव मिळाल्याने पैशाचा प्रश्न आपोआप सुटत नाही, हा यातला धडा.

दुसरा मार्ग सूझन ग्लास्पेल यांच्या ‘ट्रायफल्स’ (१९१६) या एकांकिकेत दिसतो. खुनाच्या तपासाला आलेले पुरुष गोधडीबद्दल बोलणाऱ्या बायकांना हसतात. त्या बायका मात्र नीटनेटक्या कामात मध्येच वेडावाकडा पडलेला टाका पाहून करणारीच्या मनात काय उसळले असेल ते ओळखतात. पुरुषांना न सापडलेले कारण त्यांना टाक्यात सापडते. गोधडी वाचण्यासाठी ती भिंतीवर लावावी लागत नाही, टाका कळणारी नजर लागते. येरळेच्या काठावर ती नजर आहेच.

मायेचा भाव आणि मजुरीचा भाव

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आज शहरात गोधडीला मागणी आहे. ‘आईच्या साडीची गोधडी’ हौसेने करून घेतली जाते. शिवणारीला नगावर पैसे मिळतात. विक्रीच्या मजकुरात ‘माया’, ‘ऊब’, ‘आठवणी’ हे शब्द असतात, आणि ते साडी ज्या आईची तिच्याबद्दल असतात. बारीक टाक्याचे काम लांब टाक्याच्या कामापेक्षा कितीतरी अधिक दिवस घेते, पण हा फरक सांगायला गिऱ्हाइकापाशी शब्द नसतात. शब्द नसले की दरही एकच राहतो. मग शिवणारी शहाणपणाने टाका लांब करते, किंवा काम यंत्राकडे जाते. यंत्राची सरळ शिवण वाईट नाही, पण ती वेगळी वस्तू आहे, आणि हे वेगळेपण ओळखणारी पारख नसेल तर हातकाम टिकण्याचे कारणच उरत नाही.

उपमेच्या भाषेने गोधडीवर प्रेम केले, पण घासाघीस करताना करणारीच्या हाती काही दिले नाही. मायेने केलेल्या कामाची मजुरी मागणे कसेसेच वाटते, हा संकोच त्याच भाषेने पोसला आहे. समीक्षेचे काम इथे सुरू होते. टाका, झोळ, अस्तर, काठ, तोल या शब्दांत बोलू लागलो की चांगले काम वेगळे दाखवता येते आणि त्याचा वेगळा दर मागता येतो.

यासाठी मोठी संस्था लागत नाही. गावोगाव बचत गटांच्या बैठका होतातच. तिथे हप्ते आणि कर्जाचा हिशेब होतो, वस्तू आली तर विक्रीचा माल म्हणून येते. दसऱ्याआधीच्या एका बैठकीत प्रत्येकीने आपली एक वाकळ आणावी, ती सुलटी-उलटी मांडावी, कापड कुठून आले, सुरुवात कुठल्या कडेने केली, काय साधले, काय बिनसले ते सांगावे. कोणीतरी वहीत करणारीचे नाव, गाव, माहेर, साल आणि जमल्यास टाक्याचा जवळून काढलेला फोटो नोंदवावा. माहेराची नोंद महत्त्वाची, कारण मांडणीच्या रीती लग्नाबरोबर प्रवास करतात. सांगलीची सीमा कर्नाटकाला भिडते, तिथल्या कौदीशी असलेले नाते या नोंदींतूनच उलगडेल.

टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून या भागात ऊस वाढला, उन्हाळ्याची रिकामी दुपार आक्रसली, आणि चादरी-ब्लँकेटे स्वस्त झाली. वाकळ शिवणाऱ्या बहुतेक जणी आता वयस्क आहेत. त्यांच्याकडच्या वाकळा वापरून विरतील, तसे होणे त्यांच्या स्वभावातच आहे. पण वाकळ पाहून चांगली की वाईट हे नेमक्या कारणांसह सांगणारी नजर त्यांच्याबरोबर जाऊ द्यायची की नाही, हे येत्या काही दसऱ्यांतच ठरेल.